रेसच्या तरण्या घोड्यांवर रायडिंग बॉय व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न अलिबागजवळच्या नागावच्या एका १९ वर्षांच्या पोराचा आहे. लहानपणापासून काकाच्या घोड्यांवर बीचवर पर्यटक फिरवतो, घोडागाडीच्या शर्यतीतही हात मारलाय, वजन ५७ किलो, उंची साडेपाच फूट, आणि आता त्याला रेसच्या नव्या घोड्यांना पहाटे व्यायाम देणारा रायडर व्हायचंय. जॉकी होता येईल का, मुंबईला जाऊ की पुण्याला, आणि काकाकडे रेसमधून आलेली एक घोडी आहे, दुसरा घोडा बाजूला आला की ती सुसाट सुटते, तिच्यावर सराव केला तर चालेल का, असं त्याने विचारलंय.

मी पण आपल्याच पट्ट्यातला, चौल-रेवदंड्याकडचा. मुंबई-पुण्याच्या तबेल्यांत बरीच वर्षं रायडिंग बॉय म्हणून काढली, आता मुख्यतः नवीन घोड्यांच्या ब्रेकिंगचं, म्हणजे त्यांना पाठीवर माणूस घ्यायला शिकवायचं काम बघतो. सांगण्यासारखं खूप आहे त्यामुळे लांबेल, चहा घेऊन बस.

जॉकीचं आधी उरकून टाकतो. जॉकी होणारी पोरं अप्रेंटिस म्हणून फार लहान वयात आणि तुझ्यापेक्षा बऱ्याच कमी वजनात सुरू करतात, आणि आपल्याकडे हँडिकॅपमध्ये (घोड्याच्या कुवतीप्रमाणे वजन ठरवतात त्या रेसमध्ये) खालच्या घोड्याला ५० किलोच्या आसपास वजन पडतं, त्यात खोगीरही आलं. तू ५७ किलोचा, अजून अंगाने भरणार, म्हणजे उपाशी राहून आणि घाम गाळून वजन उतरवत बसायचं, ते कशाला? रायडिंग बॉयला तो त्रास नाही. साठीच्या आत-बाहेर असलास आणि हात हलका असला तर कोणी वजनकाट्यावर उभं करत नाही. भात-मासे सोडायची गरज नाही. आणि हा काही कमी दर्जाचा रस्ता नाही, चांगला रायडिंग बॉय पुढे असिस्टंट ट्रेनर होतो, काही जण ट्रेनरही होतात. रेसच्या दिवशी जॉकी त्या घोड्यावर दीड-दोन मिनिटं बसतो, बाकी वर्षभर तो घोडा तुझ्याकडूनच शिकत असतो.

आता खरं काम काय असतं ते सांगतो, कारण बीचवरून येणाऱ्या पोरांचा इथेच घोळ होतो. त्यांना वाटतं रेसचा घोडा म्हणजे पळवायचा. अरे पळायचं त्याच्या रक्तातच आहे, ते तू काय शिकवणार! तुला पगार मिळतो तो त्याला सांगितलेल्या वेगापेक्षा जास्त पळू न देण्याचा, आणि तेही त्याच्याशी भांडण न करता. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर आहे, खाऊन-पिऊन टुम्म झालेलं, दिवसाचा बहुतेक वेळ थानात, म्हणजे तबेल्यातल्या त्याच्या जागेत बंद, सकाळी तासभर बाहेर निघतं, थंड हवा लागते, बाजूने दुसरे घोडे धडधडत जातात, आणि साहेबांनी, म्हणजे ट्रेनरने, सांगितलेलं असतं की आज फक्त एक ट्रॉट (दुडकी चाल) आणि हलका कँटर (सावकाश दौड). तो हलका कँटर हलकाच ठेवता आला की तू रायडर झालास. जोरात तर कोणीही नेईल, किंबहुना घोडाच नेईल तुला.

तरण्या घोड्यांचं गणित आणखी वेगळं. आपल्याकडे रेसच्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, जन्म मार्चचा असो नाहीतर एप्रिलचा. त्यामुळे कागदावर दोन वर्षांचा झालेला घोडा प्रत्यक्षात पावणेदोनचाही असू शकतो. स्टड फार्मवरून तो ट्रेनरकडे येतो तेव्हा त्याची हाडं अजून बनतायत, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वरची वाढीची फट दोन-अडीच वर्षांपर्यंत पुरती बंद झालेली नसते. त्या वयात वेगाचं काम घाईने वाढवलं की पुढच्या पायाच्या नडगीच्या हाडावर समोरून सूज येते, हात लावला की पाय उचलतो, तबेल्यात त्याला शिन सोअर म्हणतात आणि दोन वर्षांच्या घोड्यांत ते भरपूर दिसतं. हाड वेगाची सवय करून घेत असतं, त्याला थोडा थोडा वेग आणि मध्ये आराम असं हळूहळू द्यावं लागतं. ते किती आणि कधी हे ट्रेनर ठरवणार, पण साहेबांनी १८ चा वेग, म्हणजे २०० मीटरला १८ सेकंद, सांगितला आणि तू मस्तीत १५ ने आणलास तर त्यांच्या महिन्याभराच्या हिशोबाची तू पाच मिनिटांत वाट लावलीस.

तोंडाचंही तसंच. अडीच वर्षांच्या आसपास घोड्याचे पुढचे मधले दुधाचे दात पडून नवे येत असतात, दाढांवरच्या टोप्या सुटत असतात, काहींना दाढेच्या पुढे लगाम बसतो त्याच जागी एक बारकासा जादा दात असतो. म्हणजे तुझा घोडा डोकं झटकतोय, एका बाजूला तोंड वाकडं करतोय, तर प्रत्येक वेळी तो बदमाश आहे असं नसतं. त्याचा दात दुखत असतो. अशा वेळी लगाम खेचणारा रायडर त्याला एकच गोष्ट शिकवतो, की माणूस वर बसला की तोंडात दुखतं. हे तो आयुष्यभर विसरत नाही. मग पुढे लोक म्हणतात घोडा हट्टी निघाला.

ब्रेकिंग कसं होतं ते तुला दिसेलच. आधी नुसतं अंगाला हात लावून घेणं, पाय उचलू देणं, मग पाठीवर तंगासारखा (खोगीर आवळतात तसा) पट्टा, लाँजवर, म्हणजे लांब दोरीला गोलात, दोन्ही बाजूंनी फिरवणं, तोंडात चघळायला किल्ल्या लटकवलेला बिट (लगामाचा तोंडात बसणारा भाग), मग लांब दोऱ्या लावून मागून चालत हाकणं. वर बसायची वेळ आली की थानातच सुरुवात, पोटावर आडवं पडायचं, पोत्यासारखं, दोन्ही बाजूंनी, तो श्वास सोडून मोकळा झाला की हळूच पाय टाकायचा आणि मानेवर वाकून बसायचं, कारण अचानक डोक्यामागे उंच काहीतरी दिसलं की तो बुजतो. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त बरोब्बर मागचं आणि कपाळासमोरचं थोडं दिसत नाही, म्हणून पाठीवर हलणारी सावली त्याला आधी भीतीचीच वाटते. पहिल्या दिवशी बहुतेक घोडे गुपचूप उभे राहतात आणि नवीन पोरं खुश होतात, झालं काम म्हणून. खरा तमाशा तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतो, घोड्याला कळलेलं असतं आपण काय काय करू शकतो, तेव्हा पाठ कमानीसारखी वर येते आणि दुगाण्या सुरू. त्यामुळे शांत दिवसांत ढिला पडू नको.

तू लगेच अशा घोड्यावर बसणार नाहीस, बसवलं तरी बसू नको. सुरुवात जमिनीवरूनच कर. शक्य असेल तर आधी काही महिने सायसाच्या, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याच्या हाताखाली काम कर. लाज वाटायचं कारण नाही. लीद काढ, खरारा कर, पाय धू, पट्ट्या बांधायला शिक. सकाळी थानात शिरल्या शिरल्या पायांवरून हात फिरवून गरम कुठे लागतंय ते बघायची सवय इथेच लागते, चंदी (दाणा) उरलीय का, लीद नेहमीसारखी आहे का, हे बघायची पण. जुन्या जमादाराला (सायसांच्या मुकादमाला) घोडा बाहेर काढतानाच कळतं की आज याचं काहीतरी बिनसलंय. हे ज्ञान घोड्यावर बसून येत नाही आणि ज्यांना आहे ते पुस्तकं लिहीत नाहीत, त्यांच्या बाजूला उभं राहूनच घ्यावं लागतं.

आता तुझ्या हातांबद्दल. बीचवरचे आपले घोडेवाले पोरं, मी बघतो ना, घोड्याचा लगाम एका हातात आणि त्याच लगामावर स्वतःचा तोल. घोडा वेगात आला की मागे रेलायचं आणि खेचायचं. बीचच्या घोड्याला सवय झालेली असते, तोंड बधिर झालेलं असतं, तो थांबतो. थरोब्रेडला, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याला, असं खेचलंस की तो त्याला टेकण समजतो, त्यावर भार टाकून अजून पुढे ओढतो. तू जितकं खेचशील तितका तो ओढणार, आणि त्या ओढाताणीत तो कधीच थकत नाही, तुझे हात पाचशे मीटरमध्ये मरतात. म्हणून लगामाचा ब्रिज करतात, दोन्ही लगाम दोन्ही मुठींत आडवे घेऊन मुठी त्याच्या मानेवर आयाळीपाशी टेकवायच्या, मग त्याने डोकं पुढे खेचलं तर तो स्वतःच्याच मानेला खेचतो, तुझे खांदे सुटत नाहीत. तो जरा ढिला पडला की तूही त्या क्षणी ढिलं द्यायचं, अगदी बोटांनी. हे द्यायचं टायमिंग म्हणजे अर्धं कसब आहे. मानेत एक पट्टा असतो, तोल गेला, घोडा उडाला, की तो पट्टा पकडायचा, आयाळ पकडायची, तोंड कधीच नाही. नवीन पोरगा बक मारणाऱ्या (पाठ कमानीसारखी करून उसळणाऱ्या) घोड्यावर पट्टा धरून बसलेला दिसला तर मला आवडतो. दुसरीकडे एखादा हिरो पट्टा नको म्हणाला तर त्याला मी बच्चे घोडे देत नाही.

रिकिबी फार आखूड करू नको. टीव्हीवर जॉकी बघून पोरं गुडघे छातीला लावतात. तरण्या घोड्यावर दोन-तीन भोकं लांबच ठेवायची, पोटऱ्या त्याच्या अंगाला लागलेल्या पाहिजेत, टाच खाली, वजन टाचेत, पाठ सपाट, बूड खोगिरापासून जेमतेम सुटलेलं. त्याने अचानक डोकं खाली घातलं किंवा बाजूला उडी मारली तर ज्याच्या टाचा खाली आहेत तो वर राहतो. बाकी वाळूत. आणि टाच मारायची सवय आत्ताच सोड, बीचवर आपण प्रत्येक पावलाला टाच मारतो, इथे एकदा मारलीस तर घोडा पुढच्या फर्लांगाला जाऊन थांबेल, तू बरोबर असशीलच असं नाही.

बसायचा दम घरीच तयार होतो. साधा कँटर घे, २०० मीटरला २० सेकंद या हिशोबाने १६०० मीटर, म्हणजे २ मिनिटं ४० सेकंद तू रिकिबीत अर्धवट उभा आहेस, मांड्या पेटतात. आणि असे सकाळी एकामागून एक घोडे. त्यामुळे दोन लाकडी ओंडक्यांवर चवडे टेकवून त्या पोजिशनमध्ये तीन मिनिटं राहायचा सराव कर, रोज, लगाम म्हणून पुढे दोरी बांध पण तिला लटकायचं नाही. सुक्या वाळूत पळ. पोहायला तर येतच असेल. रिकीब काढून ट्रॉट कर, काकाच्या शांत घोड्यावर, शिव्या घालशील मला पण महिनाभरात फरक कळेल.

आता घड्याळ. रेसच्या तबेल्यात सगळी भाषा सेकंदांची असते. २०० मीटरला १५ सेकंद म्हणजे ताशी ४८ किलोमीटर, त्याला पंधराचा पेस म्हणतात. १८ म्हणजे ताशी ४०. पेपरात किंवा रेसच्या पुस्तकात ट्रॅकवर्क छापून येतं, अमका घोडा ६०० मीटर ३८ सेकंद, सहज आला वगैरे, ते म्हणजे ताशी ५७ च्या आसपास. आता गंमत अशी की वर बसून डोळ्यांत वारा जात असताना १५ आणि १७ मधला फरक नवशिक्याला कळत नाही, खाली घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या ट्रेनरला मात्र कळतो. घड्याळ डोक्यात बसायला लागतं, आणि इथे आपल्या किनारपट्टीच्या पोरांना जो फायदा आहे तो शहरातल्या कुठल्याच पोराला नाही. पुनव-अवसेच्या आसपास पहाटे ओहोटी असते, तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा हिशोब घरच्यांनी शिकवला असेलच. तेव्हा पर्यटक झोपलेले असतात आणि पाणी मागे गेलेली ओली वाळू छान घट्ट असते. दोरीने २०० मीटर मोज, दोन टोकांना काठ्या रोव, अशा तीन-चार खुणा ओळीने. आणि कँटरमध्ये जा, मनात आकडे मोजत, प्रत्येक खुणेला २४ सेकंद. मित्राला फोनच्या स्टॉपवॉचवर उभा कर. आधी २४ सारखं जमव, म्हणजे पहिला टप्पाही २४ आणि शेवटचाही २४, मग २२, मग २०. आपले बीचचे घोडे लहान, त्यांना त्याहून पळवायची गरज पण नाही. जोरात जाऊन दाखवू नको कोणाला. सारखा वेग राखायला शिकलेला पोरगा ट्रेनरला सोन्यासारखा वाटतो. एक काळजी घे, किनारा पाण्याकडे उतरता असतो, एकाच दिशेने रोज गेलास तर घोड्याचे एका बाजूचे पाय सतत खालच्या अंगाला राहतात, म्हणून जाताना आणि येताना दोन्हीकडे काम वाटून घे. काम झालं की गुडघाभर पाण्यात दहा मिनिटं चालव, पायांना गारवा मिळतो, ते रेसवाल्यांना बर्फ आणि होजपाइपने करावं लागतं, आपल्याकडे समोर फुकट आहे.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याबद्दल कोणी नवशिक्याला सांगत नाही. काम संपवून परत आलास की ट्रेनर विचारतो, कसा वाटला? दहातले नऊ जण म्हणतात, एकदम मस्त साहेब. यातून साहेबांना काय कळणार? त्यांना खालून पाय दिसतात, वेळ दिसते, पण आतलं फक्त तुला कळलेलं असतं. वळणावर त्याने लीड (दौडीत जो पुढचा पाय पुढे पडतो तो) कुठला घेतला, सरळीत आल्यावर बदलला का, की सांगूनही बदलला नाही. एका बाजूला झुकत होता का, कुठल्या. लगाम स्वतःहून मागत होता की तुला ढकलावं लागलं. दुसरा घोडा बाजूला आल्यावर कान मागे टाकले की पुढे केले. श्वास कसा होता, कारण घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकाने, आणि कँटर-गॅलपमध्ये एका झेपेला एक श्वास असं त्याचं बांधलेलं असतं, त्यामुळे तू ऐकलंस तर तुला ताल कळतो, आणि श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज आला तर तो सांगितलाच पाहिजेस, घशात अडचण असू शकते. थांबल्यावर फुंकणं किती वेळाने कमी झालं. खोकला का. पहिल्या ट्रॉटला दोन-चार पावलं आखडून टाकली आणि मग मोकळा झाला, की मोकळा झालाच नाही.

लंगडणं ओळखायची साधी खूण तुला बीचवरच पक्की करता येईल. ट्रॉटमध्ये पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोकं खाली येतं. पण रेसच्या तरण्या घोड्यात एवढं दिसायच्या बरंच आधी वर बसलेल्याला कळतं. रोज उजव्या लीडवर छान जाणारा घोडा अचानक तो लीड टाळायला लागला, कालपर्यंत सरळ जाणारा आज एका अंगाला सरकतोय, तर नडगी, गुडघा, खूर, काहीतरी आहे. भरधाव वेगात एकेका पायावर घोड्याच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट भार येतो, मग छोटी दुखापत मोठी व्हायला एकच सकाळ पुरते. शंका आली की कामाच्या मध्येच वेग कमी करून, बाहेरच्या बाजूला घेऊन चालत परत यायचं. साहेब ओरडले तर ओरडू देत. शंभरातल्या नव्वद वेळा काही निघणार नाही, तरी.

घरी आल्यावर वहीत लिही, घोड्याचं नाव आणि दोन ओळी. पंधरा दिवसांनी तेच घोडं दुसऱ्याने चालवल्यावर कुरबुर निघाली की तुझी वही कामाला येते.

आता काकाच्या घोडीचं. ती बिघडलेली नाही रे, ती शिकवलेलं करतेय. रेसच्या घोड्याला जोडीने काम देतात, दुसरा घोडा बाजूला आला की त्याच्याबरोबर किंवा पुढे जायचं हे तिच्या डोक्यात कोरलेलं आहे. त्यात तू पुढे वाकतोस, लगाम आखडतोस, म्हणजे तिच्या हिशोबाने काम सुरू झालं. म्हणून घोडा बाजूला आला की सरळ हो, खोगिरात बस, श्वास सोड, हात पुढे दे आणि तिला मोठ्या गोलात वळव, सरळ रेषेत खेचाखेची करू नको. आधी चालत चालत दुसऱ्या घोड्याच्या बाजूने, मग ट्रॉट, शांत राहिली तरच पुढे. सुरुवात बंदिस्त जागेत, वाडीत वगैरे, बीचवर लोकांत अजिबात नाही. आणि कृपा करून तिच्यावर पर्यटकांची पोरं बसवू नका. सराव म्हणून ती उत्तम मास्तर आहे, पण तुझ्यासाठी, बाकी कोणासाठी नाही. घोडागाडीच्या शर्यतीतलं शिकलेलं मात्र इथे फार उपयोगाचं नाही, तिथे मागून हाकायचं असतं, ओरडायचं असतं, इथे जो ओरडतो त्याला ट्रॅकवरून हाकलतात. नाही म्हणायला गर्दीत घाबरायचं नाही एवढं तिथून येतं.

पडणार तू. सगळे पडतात. हेल्मेट घोडेस्वारीचंच घे, बाइकचं चालत नाही, जड असतं आणि मान वळवायला, आजूबाजूचं बघायला अडचण करतं. एकदा डोक्यावर जोरात आपटलं की ते हेल्मेट बाद, वरून कितीही चांगलं दिसू दे. अंगात संरक्षक जॅकेट, पायात टाचेचे बूट, कारण सपाट स्लीपर-सँडलमध्ये पाय रिकिबीतून आरपार जातो आणि मग घोडा फरफटत नेतो, यापेक्षा वाईट काही नाही. आपल्याकडे अनवाणी बसायची पद्धत आहे ती घरीच ठेव. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू दे, तबेल्यात काम म्हणजे ते पाहिजेच. डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ, विसरल्यासारखं झालं तर त्या दिवशी परत घोड्यावर बसायचं नाही, बाकीची पोरं मर्द वगैरे म्हणून चढवतील, तू बसू नको. आणि कामाला लागण्याआधी ट्रेनरला सरळ विचार, लागलं तर दवाखान्याचा खर्च कोण करतो, विमा आहे का. विचारायला लाजतात पोरं, मग हात मोडून घरी बसतात.

मुंबई की पुणे? मी म्हणेन पुणे, आणि पावसाळ्यात. मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर, दोन्हीकडे क्लब एकच, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. नोव्हेंबर ते मे तुमचा बीचचा धंदा असतो, त्यात तू काकाला सोडून जाणार कसा. जूनमध्ये समुद्र खवळला की बीच बंद, घोडे वाडीत बांधलेले, तू मोकळा. नेमकं तेव्हा पुण्यात काम जोरात असतं. शिवाय मुंबईत डिसेंबर-फेब्रुवारीला गिनीज, डर्बी अशा मोठ्या रेसेसचं टेन्शन असतं, इंडियन डर्बी फेब्रुवारीत, तेव्हा नवशिक्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. राहायचं पण पुण्यात त्यातल्या त्यात परवडतं. अलिबागहून रोज ये-जा करून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचं काम होईल असं मनात असेल तर ते सोड, मांडव्याची पहिली लाँच लागेपर्यंत ट्रॅकवरचं अर्धं काम आटोपलेलं असतं. तबेल्याजवळच राहावं लागतं, पहाटे चारला उठून.

अजून एक पर्याय म्हणजे स्टड फार्म, तळेगाव-मावळ आणि पुण्याच्या आजूबाजूला आहेत. तिथे शिंगरापासून सगळं बघायला मिळतं आणि काही ठिकाणी ब्रेकिंगही होतं, रेसची धावपळ नसते. तुझ्यासारख्याला एक वर्ष तिथे काढायला मिळालं तर मी डोळे झाकून हो म्हणेन. माथेरानला ओळखी असतील तर तिथल्या घोडेवाल्यांनाही विचार, त्यातल्या बऱ्याच जणांचं रेसच्या तबेल्यांत कोणी ना कोणी असतं.

रेसकोर्सच्या गेटवर जाऊन उभं राहून काम मिळत नाही, वॉचमन आतच सोडत नाही. पास लागतो, ट्रेनरच्या नावावर नोंद लागते. ओळखीने जायचं, एखाद्या सायसाच्या किंवा नालबंदाच्या, त्यांना प्रत्येक तबेल्यातलं माहीत असतं कुठे माणूस कमी आहे, कुठला ट्रेनर पोरांना नीट वागवतो. कागदपत्रं बरोबर ठेव. पहिल्या भेटीत मला सगळे घोडे चालवता येतात असं म्हणू नको, पाच मिनिटांत उघडं पडतं. म्हण, घोडे सांभाळता येतात, बसता येतं, रेसचं काम शिकायचंय. तिथल्या ट्रॅकचे नियम आधी विचार, कुठल्या बाजूने चालायचं, हळू घोडे कुठून, जोराचे कुठून, वळायचं कुठे, कोणाचा घोडा सुटला तर काय करायचं. घोडा सुटला ही आरोळी ऐकली की आपला घोडा शांतपणे चालीवर आणून कडेला घ्यायचा, पकडायला धावायचं नाही.

आणि तोंड बंद. काम सुरू केलंस की गावातले, भाऊबंद, चहावाला, सगळे विचारणार, आज कुठला येणार, खबर काय. तू कोणाला काहीही सांगायचं नाही, आणि स्वतःही पैसे लावायचे नाहीत. तबेल्यातली माहिती मालकाची आणि ट्रेनरची असते. चांगले हात असलेली पोरं मी या एका गोष्टीपायी बाहेर गेलेली बघितलीत. खरं सांगायचं तर आपल्यालाही कळत नसतं कुठला येणार, सकाळी वाघासारखा आलेला घोडा दुपारी स्टॉलमध्येच (रेस सुटायच्या फाटकातच) घामाने भिजतो.

स्टॉल्सचं, मॉक रेसचं (सरावाच्या रेसचं), जोडीने काम द्यायचं, हे सगळं नंतरचं आहे, ते आज लिहीत नाही, तिथवर पोचलास की तिथले जुने रायडर शिकवतील. सध्या तुझ्या हातात दोन-तीन महिने असतील तर ओंडक्यांवरचा सराव, काठ्या रोवून मोजलेला वेग आणि घोडीला बाजूच्या घोड्याबरोबर शांत चालवणं, एवढंच कर. आणि तिच्या तोंडात जर तो काटेरी लगाम असेल, आपल्याकडे अजून बऱ्याच जणांकडे दिसतो, तर तो आजच काढून टाक. जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांप्रमाणे त्याला बंदीच आहे, आणि ती डोकं वर करून पळते त्यात त्याचा वाटा असणार. साधा जोडाचा गुळगुळीत स्नॅफल बिट आण, तिच्या तोंडाच्या मापाचा, ओठांच्या कोपऱ्यात एखादी सुरकुती पडेल इतपत वर बसव. आठवडाभर नुसतं चालीवर फिरव आणि मग काय फरक पडला ते लिही, त्यावरून पुढचं सांगतो.